शेजारच्या सीटचं वजन

६ डिसेंबर

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तू विचारलंस, "कोण बोलतंय?" तीस वर्षं कंप्रेसर आणि हातोड्याच्या आवाजात दुकान चालवल्यावर दुसरं काय होणार! आपल्या दोघांत आता कागदच बरा.

धाकट्याला जाऊन आठ महिने झाले. त्याची ती हिरवी, दोनच सीटची बसकी गाडी, बेडकी, अजून आमच्या अंगणात झाकून ठेवली आहे. त्याच्या लेकीला कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. एक फेब्रुवारी, सोमवार, पहिला दिवस. जायला बेचाळीस किलोमीटर, यायला तेवढेच. म्हणते, "आत्या, मी बाबांचीच गाडी नेणार." मी हो म्हटलं. आता गॅरेजवाला सांगतो, चारही टायर गुळगुळीत झालेत. "बाई, रनफ्लॅट घालू की साधे? तेवढं सांगा, उद्या गाडी घेऊन या."

मला फरक सांगता आला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं मी मुलांना "आधी मोजा, मग बोला" म्हणून दरडावते आणि इथे नुसती मान हलवून परत आले. गॅरेजवाल्याने एका वाक्यात सांगितलं असतं, पण त्याच्यासमोर अडाणी दिसायची लाज वाटली, हे खरं कारण. पोर एकटी जाणार, एकटी येणार. तिच्या बाबतीत मी घाईने काही ठरवलं असं पुढे कधी माझ्या नोंदवहीत लिहायची वेळ यायला नको. तुझ्याएवढं टायरमधलं आपल्या नात्यात कुणाला कळत नाही. नीट समजावून सांग.

एक किरकोळ गोष्ट. गाडी चालती राहावी म्हणून गुरुवारी एक फेरी मारून आले. वाटेत टायरची हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला. घरी येऊन मोजली तर चारही टायरमध्ये हवा बरोबर.

तुझी,
मास्तरीण


१२ डिसेंबर

मास्तरीणबाईंस,

तुझं पत्र गिऱ्हाइकासमोरच वाचलं. तो म्हणाला, "काय हो, प्रेमपत्र का?" म्हटलं, बहिणीचं आहे, टायरबद्दल. त्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

ऐक. साध्या टायरमधली हवा गेली की गाडी रिमवर बसते. थांबावंच लागतं. रनफ्लॅटच्या कडा जाड आणि कडक असतात, हवा पूर्ण गेली तरी त्या गाडी तोलून धरतात. ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर निघून जाता येतं. भर रस्त्यात उतरायला नको, जॅक नको, कुणाची मदत नको. वाईट बाजू अशी की ते दगडासारखे कडक. खड्ड्यातून गेलीस तर मणके मोजता येतील. पंक्चर झालं तर बहुतेक वेळा टायर फेकूनच द्यावा लागतो. साधे टायर मऊ, रस्ता छान धरतात, पण मग स्टेपनी हवी आणि बेडकीच्या डिकीत दोन उशा मावतात तेवढीच जागा. बारकी स्टेपनी कोंबली तर सामान विसरायचं.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर साधेच घ्या म्हणालो असतो. आजवर तेच सांगत आलोय. पण पोरीला रनफ्लॅटच घाल. यात वाद नको.

दिव्याचं मनावर घेऊ नकोस. त्याचं एक बटण असतं, दाबून धरलं की दिवा जातो आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. आणि पोरीला नदीकडच्या रस्त्याने जायला सांग. सात-आठ किलोमीटर जास्त पडले तर पडले. ट्रकांच्या त्या जुन्या, बंद पडलेल्या वजनकाट्यावरून नको. तिथे रस्ता फार खराब आहे.

दादा


२१ डिसेंबर

प्रिय दादा,

टायरचं समजलं. पण तुझ्या शेवटच्या चार ओळींनी माझी झोप उडवली आहे, तेव्हा आधी तेच लिहिते.

माझ्या प्रत्येक पत्राची नक्कल मी वहीत ठेवते, तू हसतोस त्या सवयीला. ती काढून पाहिली. दिवा कुठे लागला हे मी लिहिलंच नव्हतं. तो वजनकाट्याच्या वळणावर लागला होता. त्यानंतर तू सांगितलंस तसं बटण दाबून आणखी तीन फेऱ्या केल्या. एक सकाळी, दोन दुपारी. तिन्ही वेळा दिवा तिथेच लागला, वळणावरच्या त्या लोखंडी फलाटाला ओलांडून पाचशे पावलं जायच्या आत. नदीच्या रस्त्याने दोनदा गेले, दिवा लागला नाही.

आणि तिथला रस्ता खराब नाही, दादा. आरशासारखा आहे.

वजनकाटा बंद पडला चार वर्षांपूर्वी, तिथला काटेवाला वारला तेव्हा. तू आमच्याकडे शेवटचा आलास त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा तिथे ट्रकांची रांग असायची, आपण दोघांनी पाहिली होती. मग तो बंद आहे हे तुला कुणी सांगितलं? कदाचित धाकट्याने सांगितलं असेल. मी उगीच वकिली करत असेन. तसं असेल तर माफ कर. त्याच्या शेवटच्या वेळीही तू आला नाहीस, ते मी मनात धरलेलं नाही. (धरलं होतं. लिहिलेलं खोडत नाही.)

मास्तरीण


२८ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुझ्यापुढे चोरी करून पळता येणार नाही, हे मला लहानपणीच कळायला हवं होतं.

मधे एकदा धंद्याच्या कामाने तिकडे आलो होतो. कुणाला कळवलं नाही. विषय संपला.

दिव्याचं सांगतो. तुझी बेडकी हवा मोजतच नाही. ती चाकांचे फेरे मोजते. एखादं चाक दबलं की ते किंचित लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला त्याचे फेरे जास्त पडतात. मग गाडीला वाटतं, हवा गेली. चाक दबायला दोनच कारणं. हवा कमी, नाहीतर वजन जास्त. तुझी हवा बरोबर आहे. शेजारच्या सीटवर वह्यांचं गाठोडं घेऊन फिरतेस का?

तसं एवढ्यातेवढ्या वजनाने दिवा लागत नसतो. पण तुझा लागेल. तीन वर्षांपूर्वी धाकटा गाडी घेऊन माझ्या दुकानात आला होता. म्हणाला, "हे इतकं बारीक करून दे, की शेजारी कोणी बसलं तरी कळलं पाहिजे." मी एका ओळखीच्या मेकॅनिककडून करून दिलं. म्हटलं, "शेजारी कोण बसलंय हे बघायला डोळे नाहीत का तुला?" तो हसला नाही.

चार रनफ्लॅट ट्रान्सपोर्टने टाकलेत, माझ्याकडून पोरीला भेट. घाल आणि मोकळी हो. त्या वळणावर थांबू नकोस, तिलाही थांबू देऊ नकोस. मोठा भाऊ म्हणून सांगतोय.

दादा


९ जानेवारी

प्रिय दादा,

टायर पोचले. अजून घातलेले नाहीत. का, ते वाच.

तू वजन म्हणालास, तेव्हा वजन मोजायला घेतलं. शेजारच्या सीटवर पाण्याचे कॅन ठेवून नदीच्या रस्त्याने गेले. पन्नास किलोला दिवा नाही. पंचावन्नला नाही. अठ्ठावन्नला लागला. पुन्हा केलं, पुन्हा अठ्ठावन्न. बारीक चणीचा एक माणूस.

मग कॅन उतरवले आणि भर दुपारी दोन वाजता वजनकाट्याकडे गेले. वळणाच्या अलीकडे उतरून शेजारच्या बाजूच्या मागच्या चाकावरची फट पट्टीने मोजली. सहा सेंटिमीटर. काट्यापाशी गाडी उभी केली. फलाटाच्या लोखंडी पत्र्यांमधून गवत कमरेएवढं वाढलंय. खोलीच्या खिडकीची काच फुटलेली, आत भिंतीला दर लिहिलेली पाटी अजून तशीच. वारा नव्हता. मी इंजिन बंद करून पाच मिनिटं बसले, मग उतरून फट मोजली. साडेपाचलाही कमी. पट्टी उलटी धरली असेल म्हणून पुन्हा मोजली. तेवढीच.

मी सीटकडे पाहिलं. रिकामी होती. पाहिलं नाही असं लिहिणं सोपं गेलं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पळाले नाही. आकडा वहीत उतरवला, मग गाडी चालू केली. सरळ पुढे जात राहिले. अठरा किलोमीटरवर मोठा दवाखाना आहे, तिथे पाणी प्यायला थांबले. फाटकावरचा राखणदार गाडी बघून धावत आला. "साहेब बरे आहेत ना? बरेच महिने दिसले नाहीत." मी सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "दर गुरुवारी यायचे हो. अपघात विभागाच्या दाराशी गाडी लावायचे, उतरून पलीकडचं दार उघडून धरायचे. गाडीत कोणी नसायचं. मिनिटभर धरायचे, बंद करायचे, जायचे. आम्ही आधी हसायचो. मग हसायचं सोडलं. एकदा मी विचारलं, साहेब, कोणाला आणता? म्हणाले, उशीर झालाय त्यांना."

दादा, दर गुरुवारी तो एखादीकडे जातो असं मला वाटायचं. त्याच्या बायकोला जाऊन बारा वर्षं झाली होती, मी मनातल्या मनात त्या बाईला साडीसुद्धा निवडली होती. त्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही याला मी समजूतदारपणा म्हणत होते.

पोर पहिल्यापासून त्याच रस्त्याने जाणार म्हणते, बाबांचा रस्ता म्हणून. नदीचा रस्ता सांगितला तर कारण मागते, आणि माझी लेक नसली तरी मोजूनमापून बोलणारी आहे. तीन आठवडे राहिलेत. तिच्या शेजारी कोण बसणार आहे, ते मला सांग.

मास्तरीण


१८ जानेवारी

मास्तरीण,

चार दिवस दुकान बंद ठेवलं. लोकांना वाटलं, मेलो.

चार वर्षांपूर्वी मी आलो ते धाकट्याची नवी गाडी बघायला. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आधी घरी ये. दुपारची वेळ. तो चालवत होता, मी शेजारी. वजनकाट्याच्या अलीकडे दिवा लागला. खरंच पंक्चर होतं, खिळा घुसला होता. धाकटा गाडी हळू करत म्हणाला, "थांबूया." मी म्हटलं, "अरे, थांबायला लागू नये म्हणूनच तर हे टायर असतात! बघ आता कमाल." मला टायर दाखवायचा होता, गं. एवढंच.

तेवढ्यात काट्याच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. बारका, साठी उलटलेला. कानामागे पेन्सिल. एक हात छातीवर धरलेला, दुसरा वर केलेला. गाडी तशी हळूच चालली होती. तो माझ्या बाजूने आला. काचेवर तळवा टेकवला. काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं, तुला माहीत आहे. मी काय केलं सांगू? दाराचं लॉक दाबलं. दोनच सीट, त्याला घेणार कुठे, असं नंतर मी स्वतःला सांगितलं. त्या क्षणी असलं काही डोक्यात नव्हतं. अनोळखी माणूस, रिकामा रस्ता, हात आपोआप गेला. आणि धाकट्याला म्हटलं, "चल, चल."

पंचेचाळीस किलोमीटर गेलो तसेच. टायरने खरंच कमाल केली.

दोन दिवसांनी धाकट्याने कळवलं, काटेवाला त्याच दुपारी खोलीच्या दारात सापडला. हृदय बंद पडलं. वेळेत दवाखान्यात नेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. तो काय बोलत होता ते धाकट्याने ऐकलं होतं. मी दोनदा विचारलं. त्याने सांगितलं नाही.

मग तो दर गुरुवारी जायला लागला. दिवा बारीक करून घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, एकदा तू चल." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. त्याच्या तिरडीला मी आलो नाही ते कामामुळे नव्हे. तुमच्याकडे येणारी बस त्याच रस्त्याने येते.

पोरीला रनफ्लॅट घाल म्हणालो, कारण तिने तिथे थांबू नये. मला एवढंच सुचतं. आधीही एवढंच सुचलं होतं.

दादा


२२ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. राग आला, गेला, पुन्हा आला. तुझ्या जागी मी असते तर लॉक दाबलं नसतं, असं वहीत लिहिलं होतं. मग खाली लिहिलं, हे मला माहीत नाही.

रनफ्लॅट परत पाठवले आहेत. टायरचा दोष नाही, हे कळतं मला. तरी ते आता त्या गाडीला नकोत. तू साधे घेऊन ये आणि तुझ्या हाताने घाल.

धाकट्याने तीन वर्षं त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, तरी पुढच्या गुरुवारी तो पुन्हा काट्यावर. मी यावर बराच विचार केला. प्रयोगशाळेत शोभणार नाही असा विचार आहे, चूकही असेल. धाकट्याच्या हाती चाक होतं. दार तुझ्या बाजूला होतं.

पोरीला मी काय सांगू? तुझ्या शेजारी कोणी बसलं तर दचकू नकोस, वडिलांचा माणूस आहे? एकवीस वर्षांची आहे ती. धाकटा आपलं आयुष्य दर गुरुवारी तिकडे नेत राहिला. ती रोज जाणार आहे, दादा. जाता-येता.

एक तारखेच्या आत ये. मी तुझ्याबरोबर बसणार नाही. ती सीट मोकळी हवी.

मास्तरीण


३० जानेवारी, संध्याकाळचे साडेपाच

मास्तरीण,

कागद तुझ्या गॅरेजवाल्याच्या पावतीपुस्तकातला आहे, पाठकोरा. निघताना तू किल्ली दिलीस आणि काही बोलली नाहीस, बरं केलंस. बोलली असतीस तर मी चहा प्यायला बसलो असतो आणि मग उठलोच नसतो.

टायर तू पाहिलेस. साधे, मऊ. गॅरेजवाला म्हणाला, "एवढ्या लांबून पाहुणा आणला टायर बसवायला?" बारकी स्टेपनी डिकीत दोरीने बांधली. चार वाजता वळणावर पोचलो. दिवा लागायची वाट पाहिली नाही. काट्यापाशी थांबलो, इंजिन बंद केलं, आतून हात लांबवून पलीकडचं दार उघडलं. मनात फक्त लॉकचा तो आवाज.

काही झालं नाही. मग गाडी त्या बाजूला बसली. कोणी सावकाश बसावं तशी. दुखणाऱ्या माणसासारखी, मधे थांबून.

मी वळसा घालून बाहेरून दार लावलं. आपटलं नाही. चालवताना बाजूला पाहिलं नाही, समोर पाहत होतो. बहिरेपणाचं मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. म्हणून मीच मोठ्याने बोललो. म्हटलं, "काका, मला कमी ऐकू येतं. त्या दिवशीही येत नव्हतं. पण तुमचा हात दिसला होता. ते खोटं बोलणार नाही." त्यानंतर सीटवर हललं काहीतरी. माझं मन म्हण हवं तर.

दवाखाना नऊ किलोमीटर उरला असताना मागचं चाक बसलं. त्यांच्याच बाजूचं. खरं पंक्चर, बाजूने कापलेला टायर, हवा भरून भागणारं नव्हतं. थांबलो. जॅक काढला आणि खाली घालताना हात अडला. भरल्या गाडीला जॅक लावायचा नाही, पहिल्या दिवशी आम्हाला शिकवतात ते हे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी उतरवायचं. मी दार उघडलं आणि म्हटलं, "काका, जरा त्रास देतो. पाच मिनिटं उतरावं लागेल. चाक बदलतो, सोडून जात नाही."

गाडी अर्ध्या बोटाने वर आली.

चाक नीट बसवलं. नट आवळले, पुन्हा तपासले. जॅक काढला, हात पुसले. दार धरून म्हटलं, "बसा."

गाडी वरच आहे.

पाऊण तास झाला. एकदा मनात आलं, झालं, गेले ते, चल घरी. किल्ली फिरवलीही. मग बंद केली. ज्याला एकदा असं टाकून गेलो, तो दुसऱ्या वेळी लगेच कसा विश्वास ठेवेल? मी त्यांच्या जागी असतो तर आधी बघत राहिलो असतो, हा माणूस खरंच थांबतो का ते. मीही रस्त्याच्या कडेला बसलोय. बोलतोय अधूनमधून. दुकानाचं, माझ्या कानांचं, धाकट्याचं.

हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ देतो. तो विचारत होता, गाडी बंद पडली का, धक्का मारू का? म्हटलं, नको, माणसाची वाट बघतोय.

सोमवारी पोरीला बसने जाऊ दे. गाडी कधी परत येईल ते मला सांगता येत नाही.

दादा